अर्धे उघडे, अर्धे गाडलेले: चेस्टरच्या रोमन अ‍ॅम्फीथिएटरचे प्रकरण

प्रकरण कशाचे आहे

इंग्लंडच्या वायव्येला, वेल्सच्या सीमेलगत, डी नदीच्या काठी चेस्टर हे शहर आहे. तिथे भर वस्तीत, मधे आखाडा आणि त्याभोवती प्रेक्षकांच्या बैठका अशा रचनेचे, एक रोमन अ‍ॅम्फीथिएटर आहे आणि ब्रिटनमध्ये आजवर सापडलेल्या अ‍ॅम्फीथिएटरांत ते सर्वांत मोठे आहे. पाहायला गेलेल्या माणसाला मात्र ते पूर्ण दिसत नाही. रस्त्याच्या पातळीवरून खाली पाहिले की वाळूने आच्छादलेला आखाडा दिसतो, त्याभोवतीची दगडी भिंत दिसते, उत्तरेचे प्रवेशद्वार दिसते. मग मधोमध एक आडवी भिंत येते आणि सगळे संपते. उघडा आहे तो पाचांतला साधारण दोन भाग. उरलेला दक्षिणेचा भाग अठराव्या शतकातल्या एका विटांच्या घराखाली, त्या घराच्या आवाराखाली आणि शेजारच्या न्यायालयाच्या इमारतीखाली गाडलेला आहे.

१९२९ साली हे अवशेष सापडले. तेव्हापासून शंभर वर्षे होत आली, तरी पूर्ण वास्तू उघडी झालेली नाही. असे का झाले, कोणत्या वळणावर कोणी काय ठरवले आणि त्या प्रत्येक निर्णयाने पुढच्या लोकांचे हात कसे बांधले, ते इथे क्रमाने मांडले आहे. शहराचे नाव आणि उत्खनन करणाऱ्यांची प्रसिद्ध नावे खरी आहेत. जागेचे मालक, बांधकाम करणारे आणि अधिकारी यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण मुद्दा व्यक्तींचा नाही. वारशाच्या जागेवर काम करणाऱ्या कोणालाही या प्रसंगांत आपली जागा दिसेल.

पार्श्वभूमी

इसवी सनाच्या ७० च्या दशकात रोमन सैन्याने इथे किल्ला उभारला. तळ बांधला दुसऱ्या आद्युट्रिक्स लीजनने. पुढे विसावे लीजन इथे आले आणि दीर्घकाळ राहिले. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार शिपायांची पलटण. एवढी माणसे वर्षानुवर्षे एका जागी राहायची म्हटल्यावर कवायतीला, संचलनाला, शिक्षा जाहीरपणे अमलात आणायला आणि करमणुकीला जागा हवीच. किल्ल्याच्या आग्नेय कोपऱ्याबाहेर अ‍ॅम्फीथिएटर बांधले गेले ते त्यासाठी. आखाडा सुमारे ५८ मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद, लंबगोल. बाहेरची भिंत धरली तर सगळी वास्तू शंभर मीटरच्या जवळपास जाते. आठ-दहा हजार माणसे बसत असावीत, असा अंदाज आहे. म्हणजे पलटण बसूनही जागा उरायची. किल्ल्याभोवती वाढलेल्या वस्तीतली माणसेही इथे येत असणार.

चौथ्या शतकात वापर थांबला. मग आपल्याकडच्या पडक्या गढ्यांचे होते तेच झाले. घडीव दगड आयता मिळत असताना खाणीत कोण जाणार? लोकांनी तो काढून नेला. शेजारच्या सेंट जॉन चर्चच्या बांधकामात इथला दगड गेला असावा, असे मानले जाते. आखाड्याचा खळगा कचऱ्याने आणि गाळाने भरत गेला. मध्ययुगात तिथे शौचखड्डे खणले गेले, नंतर बागा आल्या, घरे आली. अठराव्या शतकात दोन मोठी घरे उभी राहिली. उत्तरेच्या बाजूला सेंट जॉन हाउस, दक्षिणेला डी हाउस. या दोन घरांची नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढचा सगळा तिढा त्यांच्याशी निगडित आहे.

जमिनीवर एक खूण मात्र शिल्लक होती. त्या भागातला रस्ता सरळ जात नव्हता. तो एका जागी वळसा घालून जायचा. कोणाला त्यात काही विशेष वाटले नाही. जुन्या शहरात रस्ते वाकडेच असतात, असे समजून लोक शतकानुशतके त्या वळणावरून ये-जा करत राहिले. खरे तर ते गाडलेल्या अ‍ॅम्फीथिएटरच्या कडेकडेने चालत होते. १७३८ साली शहरात पाटीच्या दगडावर कोरलेला एक ग्लॅडिएटर, म्हणजे आखाड्यात झुंजणारा योद्धा, सापडला होता, जाळे आणि त्रिशूळ घेऊन लढणारा. लीजनच्या तळाजवळ अ‍ॅम्फीथिएटर असायचेच, हेही अभ्यासकांना ठाऊक होते. फक्त जागा कळत नव्हती.

पहिला प्रश्न: रस्ता की आखाडा

जून १९२९ मध्ये डी हाउसच्या आवारात खोदकाम चालू होते. तिथे तेव्हा ख्रिस्ती जोगिणींनी (नन्सनी) चालवलेली मुलींची शाळा होती. खोदताना एक भक्कम, वळत जाणारी दगडी भिंत लागली. चेस्टर आर्किऑलॉजिकल सोसायटीचे एक सदस्य डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ती पाहिली आणि ही अ‍ॅम्फीथिएटरची भिंत आहे हे ओळखले. भिंत शेकडो जण पाहतात. तिच्या वळणावरून पूर्ण लंबगोल डोळ्यांसमोर येणे हा वेगळा गुण आहे आणि या प्रकरणात पहिले श्रेय त्या नजरेला द्यावे लागते.

अडचण अशी की नेमका तोच काळ शहराने तो वाकडा रस्ता सरळ करायला घेतल्याचा होता. मोटारी वाढल्या होत्या, वळण अडचणीचे होते. नकाशावर आखलेली नवी सरळ रेषा आखाड्याच्या मधोमध जात होती. रस्त्याचा बेत शोधाच्या आधीचा होता, त्यामुळे शहराच्या कारभाऱ्यांनी जाणूनबुजून वारशावर नांगर फिरवला असे म्हणता येत नाही. पण शोध लागल्यावरही बेत तसाच पुढे रेटण्याची तयारी होती, हेही खरे.

समोरच्या वाटा मोजक्याच होत्या. रस्ता ठरल्याप्रमाणे करायचा आणि जे सापडेल त्याची नोंद करून वर डांबर ओतायचे. किंवा रस्ता जुन्याच वळणावर ठेवून जागा मोकळी सोडायची. तिसरी वाट म्हणजे आधी खणून पाहायचे, मग ठरवायचे. सोसायटीने तिसरीपासून सुरुवात केली आणि दुसरीकडे नेले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. 'वाचवा' म्हणून नुसती हाक देण्याऐवजी त्यांनी आधी हातात पुरावा घेतला.

१९३०-३१ मध्ये रॉबर्ट न्यूस्टेड आणि लिव्हरपूल विद्यापीठाचे जे. पी. ड्रूप यांनी चाचणीसाठी चर खणले. न्यूस्टेड हे मूळचे कीटकशास्त्रज्ञ. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत ते प्राध्यापक होते आणि रोग पसरवणाऱ्या माशांवर त्यांचे काम होते. चेस्टरच्या ग्रोव्हनर संग्रहालयाची धुराही त्यांनी सांभाळली होती. लंबगोलाचा आकार ठरवायला सगळी जागा उघडण्याची गरज नसते. नेमक्या जागी भिंत गाठणारे थोडे चर पुरतात. तेवढ्यावरून त्यांनी आराखडा बांधला आणि १९३२ साली तो प्रसिद्ध केला. आता रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना 'तिथे काहीतरी जुने आहे' एवढ्यावर वेळ मारून नेता येईना. काय आहे, केवढे आहे आणि रस्ता त्याच्या पोटातून कुठून कुठे जाईल, हे कागदावर आले होते.

देशभरातल्या विद्वानांनी आणि वृत्तपत्रांनी आवाज उठवला. काळही अनुकूल होता. १९२६-२७ मध्ये वेल्समध्ये कार्लियन इथे मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने तिथल्या लीजनचे अ‍ॅम्फीथिएटर उघडे केले होते आणि त्या कामाला एका मोठ्या दैनिकाने पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही दिले होते. स्वच्छ केलेले अ‍ॅम्फीथिएटर कसे दिसते, हे लोकांनी नुकतेच पाहिले होते. अखेर रस्त्याचा बेत सोडावा लागला. रस्ता आजही तिथे वळतो.

दुसरा प्रश्न: जागा कोणाची

रस्ता टळला म्हणून वास्तू मोकळी झाली नव्हती. तिच्या डोक्यावर दोन घरे होती, दोन्ही खासगी मालकीची. कायद्याने स्मारकाला संरक्षण मिळाले तरी घर पाडून खणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यासाठी जमीन हातात लागते. सोसायटीने हे ओळखले, वर्गणी गोळा केली आणि १९३० च्या दशकात उत्तरेकडचे सेंट जॉन हाउस विकत घेतले. हौशी आणि अभ्यासू माणसांच्या एका स्थानिक मंडळाने, मंदीच्या काळात, भविष्यातल्या उत्खननासाठी घर विकत घ्यावे ही छोटी गोष्ट नाही.

डी हाउस मात्र राहिले. तिथे शाळा चालू होती, मुली शिकत होत्या, ती उठवण्याचा प्रश्नच नव्हता आणि दोन घरांपुरता पैसाही नव्हता. निर्णय समजण्यासारखा आहे. पण वास्तूचे दोन तुकडे प्रत्यक्षात इथे पडले. रोमनांनी बांधलेला लंबगोल एक होता. आता त्याच्या उत्तरेचे भवितव्य एका मालकाच्या हाती आणि दक्षिणेचे दुसऱ्याच्या.

इथे वेगळे काय करता आले असते? घर लगेच घेणे शक्य नसले तरी, शाळा कधी हलली किंवा जागा विकायला निघाली तर ती आधी शहराला किंवा सोसायटीला देऊ करावी, असा करार त्या वेळी करून ठेवता आला असता. लोकांचे लक्ष या जागेवर तेव्हा होते तेवढे नंतर क्वचितच राहिले. कागदावरची एक अट पुढच्या पन्नास वर्षांचे काम करून गेली असती.

मग महायुद्ध आडवे आले आणि काम लांबणीवर पडले.

तिसरा प्रश्न: कसे खणायचे

सेंट जॉन हाउस १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडले गेले. १९६० ते १९६९ या काळात ह्यू थॉम्पसन यांनी सरकारच्या बांधकाम मंत्रालयासाठी उत्तरेच्या भागाचे उत्खनन केले. १९७२ साली तो लोकांसाठी खुला झाला.

थॉम्पसन यांच्या हाती बरेच लागले. त्यातली एक जागा विशेष आहे. उत्तरेच्या प्रवेशद्वाराला लागून एक लहानशी खोली होती, नेमेसिस देवीचे देवघर. नेमेसिस म्हणजे दैवाची, केल्या कर्माचे माप पदरात घालणारी देवी. आखाड्यात उतरणारा माणूस तिच्यासमोरून जाई. तिथे एक दगडी वेदी जागेवरच सापडली. तिच्यावरचा लेख अगदी छोटा आहे. सेक्स्टियस मार्सियानस नावाच्या सेंच्युरियनने, म्हणजे ऐंशीच्या आसपास शिपायांच्या नायकाने, देवीला ती अर्पण केली आणि कारण दिले: दृष्टान्त झाला म्हणून. देवी स्वप्नात आली, काही सांगून गेली आणि या माणसाने उठून दगड घडवून घेतला. आपल्याकडच्या कितीतरी देवळांच्या स्थापनेमागे हेच सांगितले जाते, त्यामुळे हा सेंच्युरियन मराठी वाचकाला परका वाटू नये. मूळ वेदी आता संग्रहालयात आहे आणि जागेवर तिची प्रतिकृती ठेवलेली आहे.

पण खणण्याची पद्धत हा इथला निर्णयाचा मुद्दा. आखाड्यात साठलेली वरची माती मोठ्या प्रमाणावर यंत्रांनी उपसली गेली. हेतू सरळ होता: रोमन वास्तू लोकांना दाखवायची, तर रोमन थरापर्यंत लवकर पोहोचायचे. त्या काळच्या अनेक सरकारी कामांत हीच रीत होती. मात्र वरचा भराव म्हणजे रोमन गेल्यानंतरची हजार-बाराशे वर्षे. त्या मातीत शहराचा सगळा मधला काळ होता, आणि ती माती परत आणता येत नाही.

इथे मॉर्टिमर व्हीलर यांचा उल्लेख पुन्हा करावा लागतो. थर जसाच्या तसा वाचता यावा म्हणून चौकोनी खड्ड्यांमध्ये माती न काढलेले बांध राखायचे, ही त्यांची शिस्त. १९४४ साली ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि ती शिस्त आपल्याकडे रुजली. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया तर त्याआधीच, लंडनमध्ये शिकत असताना, इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात व्हीलर यांच्या हाताखाली काम करून आले होते. पुण्यात पुरातत्त्व शिकलेल्या विद्यार्थ्याला वरचा थर आधी आणि तितक्याच काळजीने वाचायचा, हे पहिल्याच हंगामात सांगितले जाते. ही शिस्त साठच्या दशकात ब्रिटनमध्ये अनोळखी नव्हती. म्हणून 'तेव्हा माहीतच नव्हते' एवढे म्हणून हा मुद्दा सोडून देता येत नाही. माहीत होते, घाई आणि पैसा यांनी निवड केली.

या कामात एक गोष्ट मात्र फार चांगली झाली, आणि ती ठरवून झाली की ओघात, याने फरक पडत नाही. प्रेक्षकांच्या बैठकीखालचा मातीचा भराव सगळाच्या सगळा काढला गेला नाही. त्यातला मोठा भाग जागेवर राहिला.

चौथा प्रश्न: रिकाम्या घराचे करायचे काय

दक्षिणेकडे डी हाउसमध्ये शाळा १९७० च्या दशकापर्यंत होती. नंतर तिथे एका दूरध्वनी कंपनीची कचेरी आली. १९९० च्या दशकात तीही गेली आणि घर रिकामे पडले. १९३० च्या दशकातल्या लोकांनी ज्या संधीची वाट पाहिली असती ती अशी साठ वर्षांनी आली. पण तोवर परिस्थिती पार बदलली होती.

एक तर डी हाउस स्वतःच वारसा ठरले होते. अठराव्या शतकातले मूळ घर, एकोणिसाव्या शतकातले चॅपेल (छोटे प्रार्थनागृह), शाळेच्या आठवणी, आणि त्यावर संरक्षित इमारतीचा दर्जा. ती पाडायला रीतसर परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. खाली रोमन स्मारक, तेही कायद्याने संरक्षित. एकाच भूखंडावर दोन संरक्षणे एकमेकांविरुद्ध उभी ठाकली. दुसरे म्हणजे पुरातत्त्वाचा विचार बदलला होता. १९९० साली ब्रिटनमध्ये नियोजनाचे नवे सरकारी मार्गदर्शन आले आणि त्याचा सूर असा होता की अवशेष शक्यतो जागेवर, न खणता, जपावेत. उत्खनन म्हणजेही एक प्रकारे नाशच. प्रश्न निकडीचा नसेल तर हात लावू नये. सिद्धान्त म्हणून हे बरोबरच आहे. पण 'न खणता जपा' याचा अर्थ व्यवहारात 'वर बांधा, फक्त खाली धक्का लावू नका' असाही लावता येतो.

चेस्टरमध्ये तसेच झाले. डी हाउसच्या शेजारच्या आवारात न्यायालयाची नवी इमारत बांधायला परवानगी मिळाली आणि २००० च्या सुमारास ती उभीही राहिली. अ‍ॅम्फीथिएटरच्या न खणलेल्या भागावर तिचा काही भाग येतो. शहरात मोठा विरोध झाला, लोक रस्त्यावर उतरले. इमारतीच्या बाजूने मुद्दे होते: अवशेष खाली सुरक्षित राहतील, शहराला न्यायालय मिळेल, जागेचा वापर होईल. ते खोटे नव्हते. तरीही मला हा निर्णय या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चुकीचा वाटतो. १९२९ मध्ये रस्ता आला असता तर तो डांबराचा पट्टा होता. उद्या उखडता येतो. नवी सरकारी इमारत साठ-सत्तर वर्षांसाठी येते. दक्षिणेचा भाग उघडायचा की नाही, हा प्रश्न न विचारताच तिने त्याचे उत्तर देऊन टाकले. न्यायालयाला शहरात दुसरी जागा मिळाली असती. अ‍ॅम्फीथिएटर हलवता येत नाही.

आणखी एक बारकावा. बांधकामाची परवानगी देताना तज्ज्ञांपुढे प्रश्न ठेवला जातो तो एवढाच: अवशेषांना इजा होईल का? 'नाही' असे उत्तर आले की काम मार्गी लागते. या जागेचे पुढच्या पन्नास वर्षांत काय व्हावे, हा प्रश्न त्या कागदात कुठेच नसतो. आधी जागेचा एकत्रित आराखडा आणि मग एकेक परवानगी, असा क्रम असता तर विरोधकांना इमारत बांधायला घेतल्यावर फलक घेऊन उभे राहावे लागले नसते.

पाचवा टप्पा: थोडे खणून बरेच कळले

त्या वादातून एक चांगली गोष्ट निघाली. लोकांची उत्सुकता जागी झाली. २००४ ते २००६ या काळात वारसास्थळे सांभाळणारी इंग्लिश हेरिटेज ही संस्था आणि शहराची नगर परिषद यांनी मिळून नवे उत्खनन हाती घेतले. टोनी विल्मट आणि डॅन गार्नर यांनी त्याचे नेतृत्व केले. काम उघड्यावर, लोकांना कठड्यापाशी उभे राहून पाहता येईल असे ठेवले होते.

त्यांनी हात घातला तो थॉम्पसन यांनी मागे सोडलेल्या भरावाला. आणि जुने उत्तर बदलले. थॉम्पसन यांचे म्हणणे होते की आधी लाकडी अ‍ॅम्फीथिएटर होते आणि नंतर दगडी आले. नव्या उत्खननात दिसले की लाकडाची चौकट हे वेगळे अ‍ॅम्फीथिएटर नव्हतेच. दगडी भिंतींच्या आतल्या बैठकीची ती मांडणी होती. दगडी अ‍ॅम्फीथिएटरेच दोन, एकामागून एक. पहिल्याच्या बाहेरच्या भिंतीला पाठीमागून जिने लावलेले होते, इटलीतल्या पॉम्पेईच्या अ‍ॅम्फीथिएटरला आहेत तसे. प्रेक्षक बाहेरून चढून वरच्या रांगांत जात. नंतर जुन्या भिंतीच्या बाहेर नवी, अधिक भारी भिंत घालून सगळी वास्तू मोठी केली गेली.

एका जिन्यापाशी काय सापडले? गुरांच्या बरगड्या आणि कोंबडीची हाडे. खेळ पाहायला आलेले लोक काहीबाही घेऊन खात होते आणि हाडे तिथेच टाकत होते. ग्लॅडिएटरांची चित्रे असलेल्या तांबूस, चकचकीत भांड्यांची खापरेही मिळाली. अशी भांडी आठवण म्हणून विकली जात असावीत, असा तर्क आहे. आणखी खाली, रोमनांच्याही आधीचे, लोहयुगातल्या नांगरटीचे थर लागले. म्हणजे लष्कराने किल्ल्यासाठी जागा घेतली ती कोणाची तरी कसलेली शेतजमीन होती. जमिनीच्या मूळ धन्याला काय मिळाले, कोण जाणे.

यातले काहीही १९६० च्या दशकातल्या यंत्राच्या फाळाखाली कळले नसते. हा भराव शिल्लक राहिला म्हणून चाळीस वर्षांनी, अधिक बारीक नजरेने आणि अधिक चांगल्या साधनांनी, तो वाचता आला. दक्षिणेचा भाग आजच्या आज उघडावा असे म्हणणाऱ्यांनी हा अनुभव गाठीशी ठेवावा. मी स्वतः पूर्ण लंबगोल उघडा पाहायला आतुर आहे, पण तो घाईने उघडलेला नको.

निष्पत्ती

आजची स्थिती अशी आहे. उत्तरेचा भाग लोकांसाठी मोकळा आहे, बिनतिकीट. आखाडा जिथे तुटतो त्या मधल्या भिंतीवर २०१० च्या सुमारास गॅरी ड्रोस्टल या चित्रकाराने एक लांबलचक भित्तिचित्र काढले. त्यात उरलेले अ‍ॅम्फीथिएटर अशा खोलीने रंगवले आहे की समोर उभे राहिल्यावर लंबगोल पुढे चालू आहे असा भास व्हावा. चित्र सुरेख आहे आणि पाहणाऱ्या मुलांना वास्तूचा आवाका त्यामुळे पटकन कळतो. पण ते खऱ्या अवशेषांची जागा भरून काढू शकत नाही, आणि ते ज्या भिंतीवर आहे तिच्यामागे डी हाउस वर्षानुवर्षे बंद, ढासळत उभे राहिले.

शहरात त्याविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक बाजू म्हणते, घर पाडा आणि अ‍ॅम्फीथिएटर पूर्ण करा. अशी मागणी करणाऱ्या अर्जांवर हजारो सह्या झालेल्या आहेत. दुसरी बाजू म्हणते, जॉर्जियन काळातले, म्हणजे अठराव्या शतकातले, घर हेही शहराच्या इतिहासाचेच पान आहे. एका काळासाठी दुसरा काळ का पुसायचा? शिवाय घराच्या तळघरांनी खालचे काही अवशेष आधीच कापलेले असणार, मग एवढा खटाटोप करून हाती काय लागेल?

ही शंका रास्त आहे. म्हणूनच तिचे उत्तर मतांनी नव्हे, चाचणीने द्यायला हवे. १९३० साली न्यूस्टेड आणि ड्रूप यांनी जे केले तेच पुन्हा करता येईल: घर न पाडता, आवारात आणि तळघरांच्या जमिनीत मोजके चर घेऊन, खाली नेमके किती शिल्लक आहे हे नकाशावर आणायचे. त्यासोबत घराच्या बांधकामाचीही तपासणी व्हावी. मूळ अठराव्या शतकातले किती उरले आहे, नंतरची भर किती आहे, सावरता येण्याजोगे काय आहे. ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली तर वाद बराच खाली येईल. घराचा जुना गाभा राखून नंतरची पडकी भर काढायची आणि तेवढ्या जागेत दक्षिणेचे प्रवेशद्वार शोधायचे, अशी मधली वाटही मग निघू शकते.

एवढे काम व्हायच्या आत त्या भूखंडावर आणखी कोणतीही दीर्घ मुदतीची परवानगी दिली जाऊ नये, मग ती हॉटेलची असो वा कचेऱ्यांची. आणि न्यायालयाच्या इमारतीचे आयुष्य संपेल तेव्हा ती जागा पुन्हा बांधकामाला जाणार नाही, ही अट आजच नोंदवून ठेवावी. १९३० च्या दशकात डी हाउसबाबत राहून गेले ते हेच.